लोखंडातले सरदार

कोंडगडचे सरदार रायाजीराव यांना थाटामाटाची भारी हौस. मोहीम तोंडावर आली, तेव्हा ते डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंडी चिलखत चढवून फौज पाहायला आले. शिपाई रुई भरलेले जाड अंगरखे घालून उभे होते. बाण अडवायला त्यांच्यापाशी तेवढाच आडोसा होता.

सरदारांनी नाक मुरडलं. "ही फौज आहे की गाद्यांचं दुकान? उतरवा ते अंगरखे! उद्या सगळ्यांनी तलम रेशमी डगले घालायचे."

"पण सरकार, समोरून बाण येतील," जुमलेदार सोनजी वाघमोडे म्हणाले.

"येऊ देत! छाती झाकून लढतो तो भित्रा."

शिपायांचे चेहरे उतरले. सोनजींनी मात्र अदबीनं मुजरा केला.

"हुकूम शिरसावंद्य, सरकार. एवढंच सांगा, उद्या आपल्याला या लोखंडात पाहून पोरं मला विचारतील, 'धनी कोणाला भितात?' तर त्यांना काय उत्तर देऊ?"

फौजेत खसखस पिकली. चिलखतात सरदारांना दरदरून घाम फुटला. ते उतरवायचं म्हटलं, तर उद्याचे बाण डोळ्यांपुढे दिसू लागले.

"सांगा त्यांना," ते घुश्शात म्हणाले, "चिलखत भित्र्यासाठी नसतं. ज्याला लढून जिवंत घरी परतायचं असतं, त्याच्यासाठी असतं!"

सोनजी गर्रकन फौजेकडे वळले.

"ऐकलात ना रे सरकारांचा हुकूम? ज्यांना घरी परतायचंय, त्यांनी अंगरखे अंगावरच ठेवा!"