मुकुटापर्यंतच्या पायऱ्या

एका नदीकाठच्या नगरीत एक रंगाऱ्याची मुलगी राहत होती. तिचं नाव केतकी. लुगडी निळीत बुडवून बुडवून तिचे हात कोपरापर्यंत निळसर झाले होते. लहानपणीच्या तापात डावा पाय वाळला होता, म्हणून ती कुबडी घेऊन चाले. डोळे टपोरे, नाक धारदार, आणि जीभ नाकापेक्षा धारदार.

त्या नगरीत दर चैत्रात रूपोत्सव भरे. मुली नटूनथटून मंडपात येत, मंचावर चढत आणि महाराज प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत, "नगरीसाठी काय मागशील?" जिचं रूप आणि जिचं उत्तर दोन्ही मनात भरे, ती त्या वर्षाची नगरशोभा. तिने मागितलेलं काम महाराजांना करावंच लागे, असा रिवाज होता. बाजारातली चिंचेची झाडं एका नगरशोभेने मागितलेली, तिठ्यावरचा हौद दुसरीने. त्यामुळे हा नुसता नटण्यामुरडण्याचा खेळ आहे, असं तिथे कुणी म्हणत नसे.

केतकीला मागायचा होता घाटाला उतार. घाटाच्या पायऱ्या उभ्या आणि शेवाळलेल्या. रंगवलेली लुगडी खांद्यावर टाकून कुबडीने त्या उतरायच्या म्हणजे रोज जिवाशी खेळ. गेल्या थंडीत ती घसरली होती, आणि तिच्यामागून येणारी पोटुशी परटीणही घसरली होती.

"पायऱ्यांच्या कडेने एक दगडी उतार बांधला की झालं," ती आईला सांगे. "चंद्र मागत नाहीये मी."

म्हणून त्या चैत्रात ती रूपोत्सवासाठी नाव सांगायला गेली. मंडपाच्या दारावरच्या शिपायाने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग कुबडीकडे, आणि मग तो फारच गोड हसला.

"ताई, तुमचा यंदा वेगळा सोहळा आहे ना! रूपोत्सवानंतर आठ दिवसांनी."

"माझा? मला न विचारता?"

"शेठाणीबाईंनी ठेवलाय. दिव्यरूप सोहळा. अंध, पांगळ्या, मुक्या, सगळ्यांसाठी. काय मोठं मन आहे बाईंचं!"

"असू दे मोठं. मला याच रांगेत उभं राहायचंय."

"असं कसं? तुमचा वेगळा असताना इथे कशाला?"

आता बोला! गेल्या वर्षापर्यंत तिला या रांगेत उभं राहायला कुणाची बंदी नव्हती. ती आली नव्हती, इतकंच. तिच्या सन्मानाचा सोहळा निघाला आणि तिच्या तोंडावर दार बंद झालं.

केतकी तडक शेठाणीबाईंच्या घरी गेली. बाई खरोखर मायाळू होत्या. तिला पाहूनच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"ये गं माझी बाई, ये. किती सोसलंस!"

"घाटावरून आले, चालत. बाई, तुमच्या सोहळ्यात जिंकलेल्या मुलीला महाराज काय विचारणार?"

"विचारणार कशाला? तिने तिची कहाणी सांगायची. कसं सोसलं, कसं हसत हसत जगली. मग चांदीचा मुकुट, भरजरी शालू आणि सगळ्यांचे आशीर्वाद!"

"आणि नगरीसाठी मागणं?"

बाई गोंधळल्या. "तुम्ही काय मागणार, बाळ? तुम्हाला तर आम्ही द्यायचं."

केतकीला वाटलं, कुबडी आपटावी. पण जमीन शेणाने सुरेख सारवलेली होती, आणि सारवणाऱ्या बाईची काय चूक?

परतताना तिठ्यावर दोन पंडित वाद घालत उभे होते. भोवती ही गर्दी.

"हा त्या अबलांचा सन्मान आहे!" एक गरजला.

"सन्मान कसला? त्यांच्या व्यंगाचा बाजार आहे!" दुसरा त्याहून मोठ्याने गरजला.

हौदाजवळ सगळा चिखल होता. कुबडी न रुतता पलीकडे जाता येईल अशी एकच कोरडी वाट होती, आणि नेमके तिथेच दोघे पाय रोवून उभे होते.

"बाजूला व्हा जरा," केतकी म्हणाली.

"थांब मुली, तुमच्यासाठीच तर भांडतोय आम्ही!"

"भांडा की. पण दोन हात सरकून भांडा!"

दोघे सरकले. तुला काय वाटतं, हे मात्र दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

संतापलेली केतकी मैत्रिणीकडे गेली. बकुळा बाजारात चुरमुरे-फुटाणे विकायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण गिऱ्हाईक किती भुकेलं आहे हे ती पावलांवरून ओळखायची.

"बकुळे, त्या दिव्यरूपात जायचं नाही हां आपण. लाज आणलीय नुसती!"

"मी नाव दिलंय," बकुळा म्हणाली.

"काय?"

"शेठाणीबाईंची दासी येणार आहे वेणी घालायला. अबोलीचा गजरा, जांभळं लुगडं. जांभळा रंग मला शोभतो म्हणे. खरं का गं?"

"अगं, तुला रडवून लोकांना दाखवणार आहेत ते!"

"मी नाही रडणार. मी नटणार आहे." बकुळाने माप चुरमुऱ्यांत खुपसलं. "केतके, तुला लोक निदान 'नाक छान आहे, पण पाय...' असं तरी म्हणतात. मला नुसतं 'बिचारी'. कुणी आजवर सुंदर म्हटलं नाही मला. एक दिवस म्हणू दे की! ते पंडित मला न विचारता ठरवतात, आणि तूही तेच करायला आलीस होय?"

केतकी तिच्या शेजारी टेकली. ती म्हणाली, "शोभतो. जांभळा फार शोभतो तुला." आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःही नाव दिलं. महाराज तिथे येणार होते. त्यांच्यापुढे उभं राहायची दुसरी वाट तिच्यापुढे उरली नव्हती.

सोहळ्याच्या सकाळी ती लवकरच मंडपात पोचली. मंच उंच, समोर उभ्या पायऱ्या. पायऱ्यांशी चार भोई एक सजवलेली खुर्ची घेऊन बसलेले. मंचामागे मात्र रुंद फळ्या नीट रचून ठेवलेल्या दिसल्या.

"सुतारदादा, या कशाच्या?"

सुताराने मान खाली घातली. "उताराच्या गं. तुम्हा पोरींना सोपं पडावं म्हणून मीच केला होता. बाईंनी काढायला लावला. म्हणाल्या, भोयांनी उचलून वर नेलं, की तेव्हाच तर लोकांना गहिवरून येतं."

केतकी त्या फळ्यांकडे बघत राहिली. मग रांगेत जाऊन बसली.

मंडप भरला. महाराज आले. बासरी सुरू झाली, ती मुद्दाम रडकी. पहिली बकुळा. तिचे पाय धडधाकट होते, तरी तिलाही खुर्चीत घालून उचललं. लोकांनी रुमाल काढले.

"सांग बाळ," शेठाणीबाई म्हणाल्या, "किती दुःख सोसलंस?"

बकुळाने गजरा चाचपला. "आज नाही बाई. आज मजा वाटतेय."

"तरी पण... काही तरी असेल ना?"

बकुळाने मनापासून आठवून पाहिलं. "चुरमुरे सादळले की फार दुःख होतं."

मागे कुणी तरी खुदकन हसलं आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. तिथे हसायचं नव्हतं.

मग केतकीचं नाव पुकारलं. तिने स्वतः रंगवलेलं निळं लुगडं नेसलं होतं, आणि खरं सांगायचं तर मंडपात तिच्याइतकी देखणी त्या क्षणी कुणी नव्हती. भोई पुढे सरसावले.

"नको," केतकी म्हणाली.

"स्वतः चढणार!" गर्दीतून कुणी ओरडलं. लगेच टाळ्या, शिट्ट्या. "वा, काय जिद्द!"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. उचलून नेलं तर रडणार, धडपडत चढली तर टाळ्या वाजवणार. पायऱ्यांकडे मात्र एकही माणूस बघणार नाही. ती सर्वांत खालच्या पायरीवर बसली आणि कुबडी मांडीवर आडवी ठेवली.

"मंचामागे उतार पडलाय. तो लावा. मी थांबते."

बासरी थांबली. शेठाणीबाई धावत खाली आल्या आणि तिच्या कानाशी लागल्या, "असं काय करतेस गं वेड्यासारखं? मुकुट तुझाच आहे. ठरलंय आमचं. फक्त बस त्या खुर्चीत!"

मुकुट हातात आल्यासारखाच होता, नुसतं बसायचं होतं. महाराजही समोरच होते. वर जाऊन काय मागायचं ते मागता आलं असतं. पण खुर्चीतून वर गेलेल्या मुलीचं मागणं कुणी ऐकेल? तिची फक्त कहाणी ऐकतील.

"बाई, तुम्ही वाईट नाही," केतकी म्हणाली, "पण मी स्वतः वर आलेली तुम्हाला नकोय. मला वर नेलेलं तुम्हाला बघायचंय. मी थांबते."

"हा अपमान आहे!" एक पंडित उठला. "हा हट्ट आहे!" दुसरा उठला. मंडपात गलका झाला. तेवढ्यात मंचावरून बकुळाचा आवाज आला, बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारावी तसा खणखणीत.

"ओ सुतारदादा! आणा की फळ्या! मला वर आणून ठेवलंय, पण खाली उतरायच्या पायऱ्या कुठायत ते कुणीच सांगितलं नाहीये!"

आता मात्र अख्खा मंडप हसला. महाराजही हसले, आणि हसता हसता त्यांनी सुताराला हात केला.

पान खाऊन होईपर्यंत फळ्या बसल्यासुद्धा. केतकी कुबडी टेकत सावकाश वर गेली. कुणी रडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच. एक मुलगी वर गेली, एवढंच. तिच्यामागून वादकांनी आपला थोरला नगारा गडगडवत वर नेला. एरवी तो चढवताना त्यांच्या कमरा मोडायच्या.

"महाराज," केतकी म्हणाली, "मला दुःख विचारू नका. त्या दुसऱ्या मुलींना जे विचारलंत, ते विचारा."

महाराजांनी मान हलवली. "नगरशोभेची निवड तर झाली, मुली. यंदाचं मागणं मागून झालंय."

"मग पुढल्या चैत्रात एकच रांग ठेवा आणि हा उतार काढू नका. आणि मुकुट बकुळाला द्या. मला उगाच मिळत होता. ती मात्र खरंच सुंदर दिसतेय आज."

बकुळाच्या डोक्यावर मुकुट ठेवला तेव्हा ती लाजली. आवाज न चढवता तिने शेजारच्या दासीला विचारलं, "सरळ बसलाय ना?"

पुढल्या चैत्रात एकच रूपोत्सव झाला. रांगही एकच. केतकी नटून गेली, फळ्यांवरून वर चढली, प्रश्नाला उत्तर दिलं, आणि हरली. जिंकली ती एक कोळीण. महाराजांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घाटाला असा उतार करून द्या. डोक्यावर पाटी घेऊन त्या पायऱ्या चढताना मान मोडते माझी."

श्रावणाच्या आत घाटाला दगडी उतार झाला.

"कशी आहे गं ती कोळीण दिसायला?" केतकीबरोबर त्या उतारावरून लुगडी खाली नेताना बकुळाने विचारलं.

"चांगली आहे मेली," केतकी करवादली. "माझ्यापेक्षा चांगली. पुढच्या वर्षी बघते तिच्याकडे."

आणि हरल्याचा इतका राग येण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. त्या रागाची तिला मनातून मोठी गंमत वाटली.

तात्पर्य: कुणाचा सन्मान करायची फारच हौस आली, तर त्यांच्यासाठी वेगळा मांडव घालण्याआधी आपल्या मांडवाच्या पायऱ्या बघा. आणि सन्मान की अपमान हे त्यांच्या वाटेत उभं राहून ठरवू नका. बाजूला व्हा आणि त्यांनाच विचारा.