खटका आणि झेंडूची माळ

एकदा एक हळदीचा व्यापारी होता. पेठेत त्याचा शब्द चाले, घरात मात्र वडिलांचा. त्याच्या बंगल्याला गॅरेज एका गाडीपुरते आणि गाड्या दोन. एक त्याची स्वतःची, नवी आणि चकचकीत. दुसरी वडिलांची, काळी, इतकी जुनी की तिचे सुटे भाग मिळणे केव्हाच बंद झाले होते. जुनी गाडी गॅरेजात राही आणि नवी रस्त्यावर. तिच्यावर पोरांचे चेंडू पडत, शेजाऱ्यांचे टोमणे पडत, आणि वरच्या कडुनिंबावरचे कावळे जे काय करत ते सांगायची गरज नाही.

जुनी गाडी विकून टाका, असे सगळेच सुचवत. व्यापाऱ्याने एकदा धीर करून वडिलांपुढे विषय काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील नेहमीप्रमाणे फडके घेऊन गॅरेजात गेले आणि नेहमीपेक्षा फार वेळ गाडी पुसत राहिले. व्यापाऱ्याने ते खिडकीतून पाहिले. माणूस व्यवहाराचा होता, पण वडिलांवर त्याची खरी माया होती. त्याने ठरवले की गाडी विकायची नाही, वर ठेवायची. गॅरेजात चार खांबांची लिफ्ट बसवायची, जुनी गाडी तिच्यावर चढवायची आणि नवी तिच्या खाली उभी करायची.

त्याच शहरात एक वृद्ध गुरुजी राहत. तंत्रनिकेतनात आयुष्यभर यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. वय झाले होते, कान अधू झाले होते, परंतु हात शांत बसत नव्हते. म्हणून गाड्या उचलणाऱ्या लिफ्ट बसवून देण्याचे काम त्यांनी पत्करले होते. त्यांच्यापाशी एक शिष्य होता. हुशार, चपळ आणि आता स्वतंत्रपणे कामे घेण्यास उतावीळ. व्यापाऱ्याने लिफ्टचे काम सोपवले तेव्हा गुरुजींनी शिष्याला सांगून ठेवले होते, "हे व्यापाऱ्याचं काम तू एकट्याने पुरं कर. मी नुसता बघेन. नीट झालं तर खंडेनवमीला माझी पाणसळ तुला देईन." पाणसळ म्हणजे जमीन समपातळीत आहे की नाही हे दाखवणारे हत्यार. गुरुजींची ती पाणसळ त्यांच्या गुरूंकडून आलेली होती, त्यामुळे ती मिळणे म्हणजे शिक्षण पूर्ण झाल्याची पावतीच होती.

लिफ्ट निवडायच्या दिवशी व्यापारी म्हणाला, "सर, माझ्या व्याह्यांनी बसवलीय ना, तिच्याहून एक नंबर मोठी पाहिजे. जास्त उंच, जास्त वजन उचलणारी."

गुरुजी वडिलांकडे वळून म्हणाले, "नाना, जरा गाडीची डिकी उघडता का? आणि बॉनेटसुद्धा." नानांनी आनंदाने दोन्ही उघडून दाखवले. शिष्याने उघड्या डिकीची उंची घेतली, नव्या गाडीची घेतली, छताची घेतली. मग गुरुजींनी शटर वर करायला सांगितले. वर गुंडाळलेल्या शटरचे जाडजूड वेटोळे छताखाली हातभर उतरले होते. गॅरेजात शिरताना ते कोणाच्या लक्षातही येत नसे, पण जास्त उंच चढवलेल्या गाडीचा दाराकडचा भाग नेमका त्याच्यावर जाऊन आदळला असता.

"तुमच्या छताला बेताच्या उंचीचे खांबच चालतील," गुरुजी म्हणाले. "आणि नानांची गाडी काही हत्ती नाही, तिच्या वजनाहून थोडी जास्त ताकद असली की पुष्कळ झालं. व्याह्यांची लिफ्ट हवी असेल तर आधी व्याह्यांचं छत घेऊन या."

व्यापारी हिरमुसला. व्याह्यांपुढे मिरवण्याचा एक प्रसंग हातचा गेला होता. परंतु नाना खुदकन हसले आणि लिफ्ट ठरली.

काम सुरू झाले. फरशी दिसायला सुरेख होती, पण गाडी धुतल्यावर पाणी वाहून जावे म्हणून तिला दाराकडे ढाळ दिलेला होता. शिवाय ती ठिकठिकाणी पोकळ वाजत होती. शिष्याने खांबांच्या चारही जागी फरशी काढली, खालच्या काँक्रीटची जाडी तपासली, खांब बोल्टांनी पक्के केले, आणि ढाळामुळे पडलेला फरक खांबांच्या तळाशी पोलादी पट्ट्या सारून भरून काढला. पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येऊन थांबला. गुरुजींनी मान डोलावली. काम खरोखर देखणे झाले होते.

आता या लिफ्टची एक खुबी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे. गाडी वर नेतात ते पोलादी दोर. परंतु प्रत्येक खांबात शिडीसारख्या खाचा असतात आणि गाडी चढत असताना एकेक खटका त्या खाचांवरून खट् खट् वाजत सरकतो. गाडी हव्या त्या उंचीवर पोचली की गुरुजी ती चार बोटे खाली घेत, चारही खटके खाचांमध्ये बसवत आणि गाडीचा भार त्यांच्यावर टेकवत. त्याशिवाय ते कोणालाही खाली जाऊ देत नसत. शिष्यही तसेच करी, पण त्याच्या मनात शंका होती. खटके तर दोर तुटल्यावर गाडी झेलण्यासाठी आहेत. मग दोर धडधाकट असताना रोज त्यांच्यावर भार कशाला टाकायचा? त्याने एकदा विचारलेही होते. "करत जा, कळेल," एवढेच गुरुजी म्हणाले होते.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करायची, म्हणून व्यापाऱ्याने तोच मुहूर्त धरला होता. अंगणात पाहुणे जमले, त्यांत व्याहीही होते. शिष्याने हौसेने चारही खांबांना झेंडूच्या माळा बांधल्या. नानांनी आपल्या हाताने काळी गाडी लिफ्टच्या लोखंडी पाट्यांवर चढवली आणि ते खाली उतरले. आरती सुरू झाली. घंटा, टाळ, टाळ्या यांच्या गजरात शिष्याने बटण दाबले. काळी गाडी संथपणे वर गेली आणि वर जाऊन थांबली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. व्याह्यांनीही केला, हे व्यापाऱ्याने आवर्जून पाहिले.

शिष्य गाडी टेकवण्यासाठी ती खाली घेण्याचा दांडा ओढणार, एवढ्यात व्यापाऱ्याने त्याचा हात धरला. "अहो, हे काय करताय? मुहूर्तावर वर गेलेली गाडी लगेच खाली? चारचौघांत शोभतं का ते? आजचा दिवस गाडी चढतीच राहू द्या. उद्या काय करायचं ते करा."

शिष्य क्षणभर घुटमळला. त्याला वाटले, काल चाचणीच्या वेळी चारही खटके व्यवस्थित वाजले होते. लिफ्ट तीच, खटके तेच. एवढ्या लोकांदेखत यजमानाचे मन कशाला मोडा? त्याने दांडा सोडून दिला.

गुरुजी मागच्या नळावर हातपाय धूत होते. ते आले तेव्हा नाना कुंकवाची वाटी घेऊन गाडीखाली जायला निघाले होते आणि व्यापारी नव्या गाडीची किल्ली शोधत होता. गुरुजींनी वर पाहिले आणि शिष्याला विचारले, "टेकवलीस?"

"खटके लागलेत सर," शिष्य म्हणाला. "आवाज ऐकलाय मी."

"आज?"

शिष्याची नजर दांड्याकडे गेली.

यावर गुरुजींनी जे केले ते कोणालाच समजले नाही. त्यांनी आपली काठी गॅरेजाच्या दारात आडवी ठेवली आणि ते स्वतः तिच्यामागे फतकल मारून बसले. नानांना आत जाता येईना, नव्या गाडीलाही येईना. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याचा मानपान राहिला असणार, असे सर्वांचे एकमत झाले. व्यापारी धावत घरात गेला, शाल आणि नारळ घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, गडबडीत विसरलोच. राग मानू नका." गुरुजींनी शाल खांद्यावर घेतली, नारळ मांडीवर ठेवला आणि ते बसून राहिले.

"आता काय राहिलं?" व्यापारी रडकुंडीला येऊन म्हणाला.

"गाडी चार बोटं खाली यायची राहिली," गुरुजी म्हणाले.

"पण सर, मुहूर्त..."

तेव्हा नाना पुढे आले. "अरे, गाडी माझी आहे. तिला वर नेऊन मला काय स्वर्गात पाठवायचीय? घे रे बाळ खाली, मास्तर सांगतायत तशी."

शिष्याने दांडा ओढला. गाडी हळूहळू उतरू लागली. आरती थांबलेली होती, त्यामुळे सर्वांना स्पष्ट ऐकू आले. पुढच्या दोन खांबांचे खटके खट् करून बसले. मागचा डावा बसला. मागचा उजवा बसलाच नाही. तो कोपरा तसाच खाली येत राहिला आणि सर्वांदेखत काळी गाडी एका बाजूला कलली. शिष्याने तत्काळ दांडा सोडला. व्यापाऱ्याने नकळत नानांचा दंड घट्ट धरला.

शिष्याने बटण दाबून गाडी पुन्हा समपातळीत घेतली आणि मग बाकीचे तीन खटके मागे घेऊन ती सावकाश थेट जमिनीपर्यंत उतरवली. तो त्या चौथ्या खांबाजवळ गेला. झेंडूची माळ घसरून खटक्याच्या फटीत अडकली होती. दोऱ्याने खटका मागे ओढून धरला होता आणि चेंगरलेल्या फुलांनी फट बुजवली होती. ती माळ त्यानेच बांधली होती. खटका आज एकदाही वाजला नव्हता, पण घंटेच्या आवाजात तीन आणि चार यांतला फरक कोणाला कळणार?

"सर," तो म्हणाला, "तुम्हाला तर नीट ऐकू येत नाही. मग तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं होतं?" गुरुजी म्हणाले. "कळलं नव्हतं, म्हणूनच तर दारात बसलो."

मग ते सर्वांना ऐकू जाईल असे, पण शिष्याकडे पाहून बोलू लागले. "अरे, वर नेणारा वेगळा आणि पेलणारा वेगळा. दोराने गाडी वर गेली म्हणजे ती तिथे बसली असं नाही, ती नुसती लोंबकळत असते. खटका संकटासाठी आहे हे तुझं खरं. पण संकटाच्या वेळी तो लागेल की नाही, हे संकट येण्याआधी कळायला नको का? ते ऐकून कळत नाही, काल लागला होता म्हणूनही कळत नाही. त्याच्यावर भार टाकायचा, तेव्हाच कळतं. आणि भार टाकायचा तर चार बोटं खाली यावं लागतं. चारचौघांत तेवढं खाली यायची आपल्याला लाज वाटली, तर त्या लाजेखाली नाना उभे राहिले असते."

व्याह्यांनी आपल्या गॅरेजाची आठवण होऊन घशातल्या घशात खाकरल्यासारखे केले. व्यापारी बराच वेळ आपल्या वडिलांकडे पाहत होता. एवढा खटाटोप त्याने त्यांच्यासाठीच केला होता, आणि मुहूर्ताच्या नादात त्यांनाच तो त्या गाडीखाली पाठवायला निघाला होता. त्याचे डोळे भरून आले. "मीच अडवलं होतं त्यांना," तो गुरुजींना म्हणाला. "त्यांची चूक नाही."

"त्याचीही आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "तुम्ही हात धरलात, पण दांडा त्याच्या हातात होता."

मग कोणी न सांगता शिष्य कामाला लागला. चारही माळा त्याने सोडल्या आणि दारावर बांधल्या. प्रत्येक खटका बोटाने मागेपुढे करून पाहिला. गाडी पुन्हा वर नेली, पुन्हा चार बोटे खाली घेतली. या वेळी चारही कोपरे आपापल्या जागी बसले. एवढ्यावर न थांबता तो स्वतः गाडीच्या खाली जाऊन उभा राहिला, त्याने चारही खांबांकडे एकेकदा पाहिले आणि मग बाहेर हात करून म्हणाला, "या नाना."

गुरुजींनी काठी उचलली. नाना कुंकवाची वाटी घेऊन आत गेले आणि मान वर करून गाडीच्या तळाकडे टक लावून पाहू लागले. "एवढी वर्षं हिला पुसली," ते म्हणाले, "पण हिचं पोट आज पहिल्यांदा पाहतोय." त्यांनी टाचा उंचावल्या आणि जिथे हात पोचला तिथे कुंकवाचे बोट टेकवले.

पाहुणे जेवून गेल्यावर गुरुजींनी पिशवीतून पाणसळ काढली. शिष्याने हात पुढे केला नाही. "आज नको सर. आज मी तिच्या लायक नाही."

"आजच घे," गुरुजी म्हणाले. "काल दिली असती, तर मला झोप लागली नसती." आणि त्यांनी ती त्याच्या हातात ठेवून त्याची बोटे वर मिटवली.

आपणही आयुष्यात कुठे ना कुठे वर चढून बसलेले असतो आणि आपल्या खाली आपलीच माणसे वावरत असतात; आपण नक्की टेकलो आहोत की लोंबकळत आहोत, हे अधूनमधून चार बोटे खाली येऊन पाहावे.