बसून मोडून दाखवा

वजन पडल्यावर आकडा खाचेतून सुटला तर? या एकाच काळजीने सुलक्षणाला रात्रभर डोळा लागला नव्हता. इंजिनिअरिंगची पदवी होती खरी, पण स्वतःवरचा भरवसा पोरीच्या तापासारखा चढायचा आणि उतरायचा.

शाळेसाठी तिने लोखंडी बाकाचा नमुना केला होता. वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाहीत. बसायच्या आडव्या पट्टीचा आकडा पायाच्या खाचेत वरून बसवला की बाक तयार. चाळीस बाकांचं हे काम मिळालं, तरच तिचं नवं वर्कशॉप टिकणार होतं.

आज तो नमुना शाळेच्या समितीपुढे मांडला होता. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी पट्टी वर उचलली. ती अलगद हातात आली.

"हा बाक आहे की खेळणं, बाई? पोरं बसल्या बसल्या मोडून ठेवतील!"

सगळी समिती हसली. सुलक्षणाने पट्टी पुन्हा खाचेत बसवली.

"उभ्याने निघायलाच हवी, आप्पासाहेब. नाहीतर तुमच्या अरुंद जिन्यातून बाक वर न्यायचा कसा? पण पोरं बसल्या बसल्या मोडतील म्हणालात ना? मग तुम्हीही बसून मोडून दाखवा. निघाली पट्टी, तर मी ही चालले घरी."

आप्पासाहेब ऐटीत बसले. त्यांच्या वजनाने आकडा खाचेत आणखी रुतला. ओढून ओढून चेहरा लाल झाला, फेटा कलला, पट्टी काही हलेना. मुख्याध्यापकांनी हळूच ऑर्डरचा कागद पुढे ओढला.

घरी रोज तोच बाक जोडून-मोडून खेळणारी पाच वर्षांची जुई आईमागून कळवळून म्हणाली, "आजोबा, आधी उठा ना! बसलं की मलापण नाही जमत."