आंबट झाडांचा मान

गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या थंड डोंगरात एका घराण्याची सफरचंदांची बाग होती. पणजोबांनी खडक फोडून लावलेली, आजोबांनी वाढवलेली. बापाने जाताना टेकडीची एक बाजू थोरल्याला दिली, दुसरी धाकट्याला. म्हणाला, "दोन्हीकडे मधूनमधून लावलेली आंबट झाडं तेवढी तोडू नका रे. आपल्या घराण्याची रीत आहे."

का, ते कुणी विचारलं नाही. रीत म्हटली की आपण तरी कुठे विचारतो!

एकदा राजा बाग पाहायला आला. धाकट्याकडे त्याने नेमकं आंबट फळ चावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. झालं! धाकट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजाची पाठ फिरताच त्याने सगळ्या आंबट झाडांवर कुऱ्हाड चालवली.

पुढल्या वसंतात त्याची बाग फुलांनी डवरली, पण फळ म्हणून धरलं नाही. टेकडीपलीकडे थोरल्याच्या फांद्या मात्र वाकल्या होत्या. धाकटा लाजेने भावाकडे फिरकला नाही. गावात सांगत सुटला, "पुढल्या वर्षीही फळ नाही धरलं, तर बाग तोडून जव पेरणार."

हे थोरल्याच्या कानावर गेलं आणि त्याच्या काळजात चर्र झालं. माती तीच, पाणी तेच, मग उणं काय? आंबट झाडं! आपल्या बागेतल्या मधमाश्या गोड फुलावरून आंबट फुलावर आणि परत गोड फुलावर जाताना त्याने रोज पाहिल्या होत्या.

पुढल्या वसंतात बाग फुलताच त्याने आपल्या आंबट झाडांच्या फुललेल्या फांद्या कापल्या, पाण्याच्या घागरींत खोवल्या आणि टेकडी चढून भावाच्या झाडांखाली नेऊन ठेवल्या.

"दादा, तुझी फळं कमी होतील की!"

"होऊ देत. पणजोबांनी काय दोन बागा लावल्या होत्या?"

धाकटा त्याच्या गळ्यात पडून रडला. पुढचं काम मधमाश्यांनी केलं: आंबट फुलांचे पराग गोड फुलांवर नेले, तेव्हा कुठे फळ धरलं.

त्या वर्षी धाकट्याच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. मग त्याने आंबट रोपं आणून थेट वाटेवर लावली. कुणी हसलं, तर ताठ मानेने म्हणायचा, "सफरचंद गोड लागलं ना? मग आधी यांना नमस्कार करा. आमच्या घराण्याची बाग यांच्या जिवावर उभी आहे!"

म्हणून, लहानथोर हो, ध्यानात ठेवा: ज्याची चव आपल्याला आवडत नाही, त्याचाही आपल्या गोडीत वाटा असतो.