साहेबाला विचारलेला पहिला शब्द

उल्हासने आयुष्याची पुंजी बिटकॉइनमध्ये घालून किल्लीएवढ्या यंत्रात कुलूपबंद केली होती. ते कुलूप उघडणारे चोवीस गुप्त शब्द फक्त त्यालाच ठाऊक.

एकदा यंत्राच्या कंपनीचा म्हणवणारा टायवाला साहेब घरी येऊन गुरगुरला, “यंत्र बिघडलंय. शब्द सांगा, नाहीतर सगळं बुडेल. आमच्याच कंपनीने दिलेत ते.”

घाबरलेला उल्हास बोलणार, तोच शेवंताआत्याने जपमाळ थांबवली. “साहेब, मंत्र देणारा गुरू शिष्याला मंत्र विचारत नाही. शब्द तुम्हीच दिलेत ना? मग पहिला तुम्ही सांगा, पुढचे हा सांगेल.”

साहेब चहाही न घेता निघाला.

उल्हासने आत्याचे पाय धरले. “तुझ्यामुळे वाचलो गं. तुझा गुरुमंत्र तरी कोणता?”

“एक साहेब गेला,” आत्या हसली, “तोवर दुसरा आला.”