गवतावरची रेघ

वडजाईच्या माळावर ग्लायडर, म्हणजे एकाच चाकावर उतरणारं बिनइंजिनाचं विमान, चालवायला शिकवतात. धावपट्टी गवताची. रोज सकाळी तिथल्या दवात एकाच चाकाची लांब रेघ उमटलेली असे, आणि ती संपे तिथे डावा पंख टेकल्याची खूण. उतरलेल्या माणसाची पावलं मात्र कुठेच नसत. ग्लायडर तर सगळे हँगरमध्ये कुलपात.

क्लबचे नवे अध्यक्ष धायगुडेसाहेब म्हणाले, "गवत आहे म्हणून या भुताच्या अफवा आहेत. डांबर ओता. पहिलं उड्डाण मी करीन."

मुख्य प्रशिक्षक इंदुमती खर्शीकरांनी समजावून पाहिलं. जुन्या ग्लायडरच्या नाकाखाली लाकडी पट्टी असते, ती गवतात घासली की ग्लायडर थांबतो; डांबरावर शिकणाऱ्यांची हाडं मोडतील.

साहेब हसले. "तुम्हाला भुताचीच काळजी दिसतेय."

"भुताची नाही, तुमची," बाई शांतपणे म्हणाल्या. "रेघ दिसली की आम्ही समजतो, तो उतरला, आता आकाश मोकळं आहे. मगच आम्ही दोर लावून ग्लायडर वर खेचतो. डांबरावर रेघ उमटणार नाही. तुम्ही वर जाल तेव्हा तो खाली आलाय की अजून वरच फिरतोय, हे मी कशावरून ओळखू?"

साहेबांनी नकळत वर पाहिलं. डांबराचा विषय तिथेच संपला.

बाईच गुपचूप चाक फिरवत असणार, असं म्हणत आम्ही शिकणारे त्या दिवशी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कोरं होतं. बाई बराच वेळ आकाशाकडे बघत उभ्या राहिल्या, आणि हँगरचं कुलूप त्यांनी कुणाला काढू दिलं नाही.