भावाच्या फळ्याला कुलूप

आपलं इथेनॉल झऱ्यासारखं निर्मळ असतं, असं साखर कारखान्याचे चेअरमन बजरंगराव गावोगावी सांगत. पण कालव्याच्या शेवटच्या मोरदरी गावाचं पिण्याचं तळं कोरडं पडलं, तेव्हा त्यांनी कालव्याची दारं सांभाळणाऱ्या पाटकरी सटवाजीला भर सभेत उभं केलं.

"ज्या दारातून सगळ्यात जास्त पाणी जातंय, त्याला उद्या सकाळपर्यंत कुलूप लाव. नाहीतर कायमचा घरी बस!"

"लावतो की साहेब," सटवाजी म्हणाला. एवढ्या सोप्या कामाला सभा कशाला, हे त्याला कळेना.

सकाळी पाहतात, तर कारखान्याच्या फाटकावरच्या, उसाचा भाव लिहायच्या फळ्याला साखळी आणि कुलूप!

"अरे, हे काय?" चेअरमन सटवाजीवर ओरडले.

"तुम्ही इथं उसाचा भाव चढवलात, अन् वरच्या गावांनी मका सोडून ऊस लावला. मक्याचं पाण्याच्या चार पाळ्यांत भागायचं, ऊस बारा महिने पितो. मी दार उघडतो वीतभर, तुम्ही खडूनं उघडता कोसभर!"

जमलेले शेतकरी खो खो हसले. चेअरमननी चिडून किल्ली मागितली.

"देतो. पण इथेनॉल मक्याचंही होतं ना? आधी मक्याचा भाव बोला," सटवाजीनं खिशातून खडू काढला.

चेअरमननी आकडा सांगितला. तो शेतकऱ्यांना पसंत पडेपर्यंत सटवाजीला किल्ली काही सापडेना. पुढच्या हंगामात मोरदरीचं तळं भरलं.